दंडावरून दंडावर : लसीकरणाच्या अनुभवांचा एक अभ्यास

या महिन्याचा पाठ नेहमीपेक्षा थोडा निराळा आहे. एखादा उतारा घेऊन त्याचे विवरण करण्याऐवजी आम्ही आमच्या स्वतःच्या अनुभवाचा अभ्यास वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. २०२१ साली कोरोनाची लस आली तेव्हा बेळगाव शहरातील आमच्या लहानशा मराठी मंडळीत चार जणांनी चर्चच्या सभागृहात एक टेबल मांडले होते. नावनोंदणीस मदत करणे, वृद्धांना केंद्रावर नेणे व लोकांच्या शंकांना उत्तरे देणे हे आमचे काम होते. त्या कामात कुठे आम्हांला यश आले आणि कुठे आम्ही चुकलो, हे आम्ही लपवून न ठेवता सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, आता हे उकरून काढण्याचे प्रयोजन काय? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या आणीबाणीचा शेवट जाहीर केला. लोकांना ते दिवस विसरावयाचे आहेत. परंतु सांसर्गिक रोग संपलेले नाहीत व लसींची गरजही संपलेली नाही. पुढल्या वेळी आपण एकमेकांशी कसे वागावे हे मागल्या वेळच्या वागण्यावरूनच शिकावे लागेल, म्हणून हा पाठ.

१. जुना व्रण

मार्च २०२१ मध्ये साठ वर्षांवरील लोकांची पाळी आली. पहिल्याच दिवशी आमच्या टेबलापाशी एक निवृत्त शिक्षक आले. वय ऐंशीच्या पुढे. नोंदणी कशी करावयाची हे न विचारता त्यांनी सदऱ्याची बाही वर केली व दंडावरचे दोन गोल व्रण दाखविले. "मला भीती कसली घालता? मी देवी डॉक्टरच्या हातचा माणूस आहे," असे ते हसत म्हणाले.

पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांच्या दंडावर असा व्रण असेल. शाळेत देवी डॉक्टर येणार अशी कुणकुण लागली की अर्धा वर्ग मागल्या दाराने पसार होई, हेही त्यांना आठवत असेल. गुरुजींनी आम्हांला आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. मुले पळू लागली तेव्हा त्यांच्या हेडमास्तरांनी छडी उचलली नाही. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकविला, खुर्चीवर बसले आणि सर्व मुलांदेखत स्वतःच्या दंडावर प्रथम टोचून घेतले. "मास्तरांचं तोंड जरा वाकडं झालं, ते आम्ही बघितलं," गुरुजी म्हणाले. "दुखतं हे त्यांनी लपवलं नाही. म्हणून तर आम्ही रांगेत उभे राहिलो."

या शेवटच्या वाक्याकडे त्या दिवशी आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे त्याचा अर्थ आम्हांला महागात शिकावा लागला.

देवीच्या रोगाचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. भारतात लागण झालेला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. हजारो वर्षे माणसांना मारणारा, जगले त्यांना विद्रूप वा आंधळे करणारा रोग गेला. राहिला तो फक्त दंडावरचा व्रण.

२. लस आली कोठून?

हा व्रण आपल्यापर्यंत कसा पोहोचला, याची हकीकत मंडळीत वाचून दाखविण्याजोगी आहे. इंग्लंडातील बर्कली गावचे वैद्य एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातून द्रव घेतला व तो जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. साराला गायीपासून येणाऱ्या सौम्य देवी, म्हणजे गोस्तन देवी, झाल्या होत्या. काही आठवड्यांनी जेन्नरांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. मुलाला रोग झाला नाही. 'व्हॅक्सिन' हा शब्द लॅटिन भाषेतील गाय या अर्थाच्या 'व्हाक्का' शब्दावरून आला आहे. आपला 'लस' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. फोडातून वा जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाला आपण लस म्हणतो. म्हणजे दुसऱ्याच्या फोडातून आपल्या दंडावर आलेली ती लस. शब्दाने ही आठवण अजून जपून ठेविली आहे.

त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. उन्हाने लस निकामी होई. म्हणून ती नेण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता : एका माणसाला टोचावे, आठवड्याने त्याच्या फोडातून द्रव घ्यावा व तो दुसऱ्याला टोचावा. व्हिएन्नाहून बगदाद, तेथून बसरा व तेथून जहाजाने अशा रीतीने लस मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात ही लस प्रथम यशस्वी झाली ती या लहान मुलीच्या दंडावर. तिच्या दंडावरील फोडातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस दिली गेली. पुढे ती दंडावरून दंडावर पुणे, सुरत, हैदराबाद व मद्रासपर्यंत गेली. हा अंक ज्या गावांत वाचला जातो त्यांपैकी काही गावांत पहिली लस अशी एका लेकराच्या अंगावरून आलेली आहे.

याच सुमारास स्पेनने आपल्या दूरच्या वसाहतींना लस पोहोचविण्यासाठी एक जहाज पाठविले. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ते कोरुन्या बंदरातून निघाले. त्यावर बावीस अनाथ मुलगे होते. समुद्रप्रवासात दोन-दोन मुलांना क्रमाने लस टोचीत नेले म्हणून ती पलीकडे जिवंत पोहोचली.

या मुलांना कोणी विचारले नव्हते, हे आपण विसरू नये. आज कोणत्याही बालकावर असा प्रयोग करणे गुन्हा ठरेल, आणि ते योग्यच आहे. दंडावरून दंडावर लस देताना दुसरे रोगही पसरत, म्हणून पुढे ती वासरांच्या अंगावर तयार करू लागले. पण मूळ गोष्ट बदलत नाही. आपल्यापर्यंत जी लस येते ती आधी कोणीतरी स्वतःच्या अंगावर घेतलेली असते.

कोरोनाच्या लसीचेही तसेच झाले. फरक एवढाच, की या वेळी लोक आपण होऊन पुढे आले. हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या साह्याने कोव्हॅक्सिन तयार केली. २०२० साली तिच्या पहिल्या चाचण्या देशभरातील अनेक केंद्रांवर झाल्या. त्यांत आमच्या बेळगावातील एक खाजगी रुग्णालयही होते. तिसऱ्या टप्प्यात देशभरातून सुमारे २५,८०० स्वयंसेवकांनी भाग घेतला. त्यांपैकी अर्ध्यांना नुसते निरुपद्रवी द्रावण मिळणार होते आणि आपल्याला काय मिळाले हे कोणालाच कळणार नव्हते. तरीही त्यांनी बाही वर केली. ती माणसे आपल्या ओळखीची नाहीत. त्यांचे ऋण मात्र आपल्या दंडावर आहे.

३. भगिनीचा प्रामाणिकपणा

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिली पाळी आरोग्यसेवकांची होती. आमच्या मंडळीत परिचारिका बऱ्याच आहेत. त्यांतील एक भगिनी दुसऱ्याच आठवड्यात लस घेऊन आली. रविवारी उपासनेनंतर बायका तिच्याभोवती जमल्या.

"सिस्टर, कसं वाटलं गं?"

ती म्हणाली, "खरं सांगू? आदल्या रात्री मला झोप लागली नाही. मी रोज दुसऱ्यांना सुया टोचते, पण माझ्या पाळीला माझे हात गार पडले. सुई कळलीसुद्धा नाही. अर्धा तास बसवून ठेवलं, सोडलं. रात्री मात्र थंडी वाजून ताप आला, अंग ठेचल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलं. आता फक्त दंड जड आहे."

तिने ना शौर्य गाजविले, ना भीती पसरविली. जे झाले ते झाले तसे सांगितले. परिणाम असा झाला, की मार्चमध्ये पाळी आल्यावर त्या घोळक्यातील साठीच्या जवळजवळ सर्व स्त्रियांनी लस घेतली. रात्री ताप आला तेव्हा त्या घाबरल्या नाहीत. "सिस्टरनी सांगितलं होतं तसंच झालं बघा," असे एकमेकींना सांगत राहिल्या. ताप येणारच नाही असे तिने सांगितले असते तर पहिल्याच तापात साऱ्यांचा विश्वास उडाला असता.

हेडमास्तरांनी तोंड वाकडे होऊ दिले. या भगिनीने आपले गार पडलेले हात सांगितले. खरे सांगणाऱ्यावर माणसे विसंबतात, हा आमच्या पाठाचा पहिला धडा.

४. दहावा माणूस

आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील एक दुपार सांगतो. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली होती. आम्ही सहा जणांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रावर गेलो. तेथे आणखी दोघे बसून होते. फलक कानडीत, अर्ज मोबाइलवर, आणि आमच्या दोन आजींपाशी मोबाइलच नाही. ते सगळे निस्तरून झाल्यावर तेथील परिचारिका म्हणाली, "थांबावं लागतंय. आठच झाल्यात. आणखी दोघं आल्याशिवाय बाटली फोडता येत नाही."

कोव्हिशील्डच्या एका बाटलीत दहा जणांची लस असे, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागे आणि एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागे. उरलेली फेकून द्यावयाची. दोघांची लस वाया जाऊ नये म्हणून ती बाई आठ जणांना थांबवीत होती. तिचे काही चुकत नव्हते.

आम्ही दोघे बाहेर पडलो. एकाने कोपऱ्यावरच्या फुलवालीला गाठले. ती म्हणाली, "माझी टोपली कोण बघणार?" आमच्यातील एक जण तिची टोपली सांभाळीत तासभर रस्त्यावर बसला. गजऱ्यांचे भाव त्याला ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक सांगेल तो भाव तो घेत होता. त्याने तिचे किती नुकसान केले ते ती अजून हसून सांगते! ती दंडाला कापूस धरून परत आली आणि म्हणाली, "आता माझ्या जावेला पण आणते उद्या." आमचा दुसरा माणूस एका रिक्षावाल्याला घेऊन आला. दहा झाले. बाटली फुटली.

आम्हांला त्या दिवशी मोठा आनंद झाला. परंतु त्याच दुपारी आमच्या हातून एक चूकही घडली होती, आणि तिच्यासाठीच हा पाठ लिहिण्याचे आम्ही ठरविले.

५. ज्यांना आम्ही बरोबर नेले नाही

आमच्या मंडळीत शिवणकाम करणारे एक बंधू होते. वय चोपन्न. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी उरल्यासुरल्या कापडाचे शेकडो मुखपट्टे शिवून फुकट वाटले होते. आमच्या टेबलावरही त्यांनीच शिवलेल्या मुखपट्ट्यांचा गठ्ठा होता. लसीच्या बाबतीत मात्र ते टाळाटाळ करीत. त्यांच्या गल्लीतील एका गृहस्थांना लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मृत्यू आला होता. त्या गृहस्थांना आधीपासून हृदयविकार होता, पण बंधूंच्या मनात ते बसले होते. शिवाय कोणाच्या तरी मोबाइलवरून त्यांना असेही सांगण्यात आले होते, की ही लस म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाची खूण आहे.

त्या दुपारी दोन माणसे कमी पडली तेव्हा आम्ही प्रथम त्यांनाच फोन केला होता. आमचे शब्द असे होते : "अहो, दोन माणसं कमी पडताहेत. लगेच या." ते म्हणाले, "आज नको." आम्ही चिडलो. "तुमच्यासारख्या समजत्या माणसाने असं करावं का? तुमच्यामुळे आठ जण खोळंबलेत." त्यांनी फोन ठेवला. पुढल्या रविवारी आमच्यातील एकाने सभागृहात सर्वांसमक्ष थट्टा केली, "काय, खूण लागेल म्हणून आला नाहीत वाटतं!" चार लोक हसले. बंधूही कसनुसे हसले. त्यानंतर ते आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

एप्रिलच्या अखेरीस संचारबंदी लागू झाली, लशींचा तुटवडा पडला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंधू आजारी पडले. नऊ दिवसांनी ते गेले. दफनाला पाच माणसांपेक्षा अधिक कोणी जाऊ शकले नाही.

त्या दुपारी त्यांनी लस घेतली असती तर ते वाचले असते काय? हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एका डोसाचे संरक्षण अपुरे असते व ते यावयासही दोन-तीन आठवडे लागतात. पण आजार कदाचित इतका तीव्र झाला नसता. हा 'कदाचित' आमच्या उशाशी पुष्कळ रात्री बसून राहिला.

दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या पत्नीला भेटावयास गेलो. आम्ही क्षमा मागितली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना नको म्हणायचं नव्हतं हो. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे तुमच्यापुढं म्हणायची लाज वाटत होती. तुम्ही 'या' म्हणालात. कुणी घरी येऊन 'चला, मी बरोबर येतो' म्हणालं असतं, तर ते गेले असते."

मग त्यांनी विचारले, "मला कधी नेता?" आमच्यातील दोघी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेल्या. रांगेत तीन तास लागले. सुई टोचली जात असता बाईंनी आमच्या भगिनीचा हात घट्ट धरला होता. रात्री ताप आला तेव्हाही ती भगिनी त्यांच्याच घरी झोपली होती.

६. या अनुभवावरून काय शिकावे?

पहिली गोष्ट विश्वास व औषध यांच्याविषयी. "प्रार्थना असता लस कशाला?" हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला. लूक स्वतः वैद्य होता. राजा हिज्कीया आजारी पडला तेव्हा प्रार्थनेबरोबर अंजिरांचा लेपही सांगण्यात आला (यशया, अध्याय ३८). औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. राहिली श्वापदाची खूण. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात जी खूण आहे तिचा संबंध श्वापदाला वाहिलेल्या भक्तीशी आहे. रोग टाळण्यासाठी घेतलेल्या औषधाशी नाही. हे आम्ही बंधूंच्या शेजारी बसून, पुस्तक उघडून, शांतपणे सांगू शकलो असतो. आम्ही थट्टा केली.

दुसरी गोष्ट भीतीविषयी. लसीची भीती आजची नाही. मुंबईत पहिली लस टोचली गेली त्याच १८०२ साली लंडनमध्ये जेम्स गिलरे या चित्रकाराचे एक व्यंगचित्र निघाले. त्यात लस घेतलेल्यांच्या अंगांतून गायी बाहेर पडताना दाखविल्या होत्या. तेव्हा गायी, आता मोबाइलवरील अफवा. भ्यालेल्या माणसाला मूर्ख म्हटल्याने त्याची भीती जात नाही, ती फक्त मुकी होते.

तिसरी गोष्ट सत्याविषयी. लसीची स्तुती करतानाही खोटे बोलू नये. कोरोनाची लस घेऊनही पुष्कळांना कोरोना झाला. आमच्या चौघांपैकी तिघांना झाला. लसीने मुख्यतः आजार गंभीर होण्यापासून व मृत्यूपासून रक्षण केले. कोव्हिशील्ड ज्या जातीची लस होती तिच्यामुळे अगदी विरळा काही लोकांना रक्त गोठण्याचा धोकादायक विकारही झाला. दोन डोसांमधील अंतर प्रथम चार आठवडे सांगितले गेले, मग सहा ते आठ, मग १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा झाले. वृद्ध माणसे गोंधळली यात नवल नाही. हे सारे मोकळेपणाने सांगावे, आणि लस न घेण्यातील धोका त्याहून किती मोठा होता हेही सांगावे. दोन्ही बाजू ऐकून घेतलेला माणूस पहिल्याच अडचणीत डगमगत नाही.

लस काम कशी करते, हेही साध्या शब्दांत सांगता यावे. शत्रू येण्यापूर्वी त्याची ओळख शरीराला करून द्यावयाची, एवढेच तिचे काम. कोव्हॅक्सिनमध्ये मारून टाकलेला विषाणू होता. कोव्हिशील्डमध्ये वाढू न शकणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या हाती कोरोनाच्या बाह्य काट्याची ओळख देऊन पाठविली होती. शरीर ती ओळख लक्षात ठेवते व पुढे खरा शत्रू आला की लवकर तयार होते. ताप व अंगदुखी ही बहुधा त्या तयारीचीच खूण असते.

चौथी गोष्ट शेजाऱ्याविषयी. गोवराचेच उदाहरण घ्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. आपल्या देशात गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मग सहा महिन्यांच्या बाळाचे रक्षण कोण करणार? त्याच्या आसपासची लस घेतलेली मुले. कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाला ही लस देता येत नाही. त्याचेही रक्षण इतरांच्याच दंडावर अवलंबून असते. पोलिओचा भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ते यश दारोदार फिरून, एकेका बाळाच्या तोंडात दोन थेंब घालून मिळविलेले आहे. दारोदार म्हणजे बोलावणे नव्हे, जाणे.

शेवटची गोष्ट हीच. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमी माणसाला उपचार कुठे मिळतील याचा पत्ता दिला नाही. तो उतारशाळेपर्यंत बरोबर गेला, रात्रभर राहिला व पुढील खर्चाचीही सोय करून निघाला. आम्ही टेबल मांडले होते, पत्ता सांगत होतो, माणसे मोजीत होतो. दहावा माणूस आम्हांला बाटलीसाठी हवा होता, त्याच्यासाठी नव्हे. फुलवालीची टोपली सांभाळली तेथे आम्ही बरोबर होतो. बंधूंना फोनवरून हाक मारली तेथे चुकलो.

आमच्या सभागृहातील कपाटात त्यांनी शिवलेल्या मुखपट्ट्यांचा तो गठ्ठा अजून आहे. निळ्या चौकटीच्या कापडाचे आहेत, टाके अगदी सरळ. टाकून देण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गटात कोणाच्या दंडावर देवीचा व्रण आहे? त्यांना त्या दिवसाची हकीकत सांगावयास सांगा व तरुणांनी ती ऐकावी.

(२) कोरोनाची लस घेताना आपल्याला कोणती भीती वाटली होती? ती आपण कोणाला बोलून दाखविली, की मनातच ठेविली? का?

(३) परिचारिका भगिनीचे बोलणे व आमचा फोन यांत काय फरक होता? आपल्या घरात आजारी वा वृद्ध माणसाशी आपण यांपैकी कोणत्या रीतीने बोलतो?

(४) आपल्याला आलेली एखादी अफवा आपण खातरजमा न करता पुढे पाठविली होती काय? ज्याला पाठविली त्याच्याकडे परत जाऊन खरे सांगता येईल काय?

(५) आपल्या मंडळीतील लहान मुलांच्या गोवर-रुबेलाच्या दोन्ही लशी झाल्या आहेत काय? ज्या घरात राहून गेल्या असतील तेथे या महिन्यात कोण बरोबर जाईल? नाव व दिवस येथेच ठरवावा, मगच सभा संपवावी.